अर्धा सूत

सूतबुवांची आणि माझी ओळख त्यांच्या बुटांपासून झाली.

ओहायोत अ‍ॅक्रनजवळच्या एका गावात आम्ही घर घेतलं. पहिल्याच शनिवारी शेजारधर्म म्हणून मी डब्यात बेसनाचे लाडू घेऊन पलीकडे गेलो. गॅरेजचं दार वर गेलेलं होतं. आत लोखंडी नळ्यांचा एक सांगाडा चार घोड्यांवर उभा होता आणि त्याच्याखालून दोन बूट बाहेर आले होते. मी खाकरलो. बुटांकडून आवाज आला, "हे धर." पाठोपाठ एक हात आला, हातात दोऱ्याचं टोक. मी ते धरलं. "ताण. एवढा नको. आता हलू नकोस." पुढची चाळीस मिनिटं मी एका हातात दोरा आणि दुसऱ्या हातात लाडू घेऊन उभा होतो. सत्यनारायणाला यजमानसुद्धा इतका वेळ अवघडून बसत नाही.

शेवटी बूट सरकत बाहेर आले आणि त्यांच्यामागून साठी ओलांडलेले, कानावर पेन्सिल खोचलेले एक गृहस्थ आले. कोण, कुठला, काही विचारलं नाही. डब्यातला एक लाडू उचलला, बोटांत फिरवत उजेडाकडे धरला आणि म्हणाले, "गोलाई चांगली आहे. हाताने?" माझ्या बायकोच्या लाडवांचं असं कौतुक त्याआधी कुणी केलं नव्हतं.

त्यांचं खरं नाव टपालपेटीवर आहे. आमच्या घरात मात्र ते सूतबुवाच. त्याला कारण माझं बालपण. ते कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलं, वडिलांच्या लेथच्या शेजारी. तिथे इंचाचे आठ भाग आणि त्या एका भागाला सूत. "दोन सूत कमी कर", "अर्धा सूत घास", अशी भाषा. एकदा बुवा चाकामागून ओरडले, "एक सोळांश इंच!" आणि माझ्या तोंडून आपोआप गेलं, "अर्धा सूत." बुवा बाहेर आले. म्हणजे काय, म्हणाले. मी समजावलं. ते बराच वेळ गप्प राहिले. इंचावर एवढा जीव असलेल्या देशात इंचाच्या आठव्या भागाला स्वतःचं घरगुती नाव नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं. त्या दिवसापासून त्यांनी तो शब्द उचलला, पण अमेरिकी जिभेवर सुताचा 'सूट' झाला. 'हाफ सूट' ऐकून त्यांच्या मित्राला वाटलं, म्हातारा सायलेन्सरच्या काजळीबद्दल बोलतोय. मराठीतली सूट म्हणजे सवलत, आणि ती तर बुवांनी आजवर कुणाला दिलेली नाही.

बुवा आयुष्यभर डायमेकर होते. निवृत्त झाल्यावर माणसं मासे धरतात, गोल्फ खेळतात. बुवांनी निवृत्तीच्याही आधीपासून एक ड्रॅग रेसची गाडी बांधायला घेतली होती. आम्ही राहायला गेलो तेव्हा तिला नववं वर्ष लागलं होतं.

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, एक सरळसोट रस्ता आणि पाव मैल, म्हणजे १३२० फूट. मधे खांबावर दिवे. पिवळे लागतात, हिरवा लागतो आणि जो आधी पोहोचतो तो जिंकतो. पुणे जिल्ह्यातल्या घाटात बैलगाडा जसा सेकंदांत मोजतात तसाच हिशेब, बैलांच्या जागी आठ सिलिंडर. बुवांची गाडी 'ऑल्टर्ड' जातीची. वर १९२३ सालच्या फोर्ड मॉडेल टीच्या बॉडीची फायबरची नक्कल, आत शेवरलेचं साडेतीनशे क्युबिक इंचांचं इंजिन. फोर्डच्या घरात शेवरले नांदवणं हा तिकडचा जुना आंतरजातीय विवाह. आता घरचे लोक बोलायचे थांबलेत. मागची चाकं रोडरोलरची वाटावीत अशी रुंद आणि पुढची सायकलशी नातं सांगणारी. मागून गणपती, पुढून उंदीर.

इंजिन तयार होतं. गिअरबॉक्स तयार होता. खुर्ची, पट्टे, पेट्रोलची टाकी, सगळं तयार. अडलं होतं ते स्टिअरिंगपाशी.

एक दिवस मी न राहवून विचारलं, "बुवा, ही गाडी सरळच जाणार ना?"

"सरळच."

"मग वळवायच्या यंत्रणेत एवढी वर्षं?"

बुवांनी पाना खाली ठेवला. त्यांनी पाना खाली ठेवला की पुढचा तासभर आपला नसतो, हे मला तेव्हा कळायचं होतं. त्यांचं म्हणणं असं, की वळणारी गाडी कुणीही बांधेल. रस्ता वळतो, गाडी वळते, त्यात चूक झाली तरी वळणात लपून जाते. सरळ जाणाऱ्या गाडीला लपायला जागा नाही. हिरवा दिवा लागला की मागची चाकं अशी काही ढकलतात, की गाडीचं नाक वर उठतं आणि पुढची चाकं जमीन सोडतात. त्या वेळी हातातलं स्टिअरिंग म्हणजे नवरदेवाच्या हातातली कट्यार. धरायची, वापरायची नाही. (हा दृष्टांत माझा. बुवांनी ट्रम्पेटचा दिला होता, तो मला नीट कळला नाही.) खरा प्रश्न आहे तो चाकं परत जमिनीला टेकतात तेव्हाचा. हवेत असताना ती कुठे बघत होती? सरळ बघत असली तर ठीक. सूतभर जरी बाजूला बघत असली, तर ताशी शंभर मैलांच्या दिशेने निघालेली गाडी टेकताक्षणी त्या बाजूला उडी घेणार.

आणि चाकं हवेत असताना आपोआप का वळतील? इथे बुवा उठले, आत गेले आणि पुठ्ठ्याचं एक मॉडेल घेऊन आले. नाश्त्याच्या कॉर्नफ्लेक्सच्या खोक्यांच्या पट्ट्या कापून, टाचण्यांनी जोडून त्यांनी पुढचा अख्खा अ‍ॅक्सल केला होता. अशी अकरा मॉडेलं घरात होती. बुवा कॉर्नफ्लेक्स आवडीने खातात असं मला वाटायचं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या काकूंनी, खुलासा केला की पुठ्ठा लागतो म्हणून खातात. आवडतात त्यांना अंडी.

पुठ्ठ्यावरचा धडा मात्र मला पहिल्या फटक्यात कळला. अ‍ॅक्सल डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून चेसिसपासून त्याला एक आडवा दांडा असतो, पॅनहार्ड रॉड. आणि स्टिअरिंगच्या पेटीतून निघालेल्या आर्मपासून चाकापर्यंत दुसरा आडवा दांडा, ड्रॅग लिंक. अ‍ॅक्सल वर-खाली झाला की दोन्ही दांड्यांची टोकं आपापल्या कमानीत फिरतात. कमानी सारख्या असल्या तर सगळं एकत्र हलतं, चाकाला पत्ताही लागत नाही. एक दांडा लांब, दुसरा आखूड, किंवा एक आडवा, दुसरा तिरका असला तर ड्रॅग लिंक चाकाला ओढते आणि ड्रायव्हरने काही न करता चाक वळतं. घरातल्या झोपाळ्यासारखंच हे. दोन्ही बाजूंच्या कड्या सारख्या असल्या तर पाट सपाट राहतो. एक बाजू दोन कड्यांनी आखूड असली की बसणारा घसरतो. म्हणून दोन्ही दांडे समांतर हवेत आणि सारख्या लांबीचे हवेत. हे वाक्य लिहायला मला अर्धं मिनिट लागलं. गॅरेजमध्ये ते घडवून आणायला बुवांना साडेतीन वर्षं लागली होती.

दर गुरुवारी संध्याकाळी गॅरेजमध्ये मंडळ जमायचं. तीन निवृत्त मित्र, घडीच्या खुर्च्या आणि एक कॉफीचा थर्मास. कामाला हात कुणी लावायचं नाही, मतं मात्र द्यायची. आपल्याकडच्या पारावरच्या मंडळींना ओहायोत नेऊन टोप्या बदलल्या असत्या तर फरक कळला नसता. मंडळाचा आणि बुवांचा कायमचा वाद एका मुद्द्यावर होता, तो म्हणजे अ‍ॅकरमन.

गाडी वळते तेव्हा आतल्या चाकाचा घेर लहान, बाहेरच्याचा मोठा. लेझीमचं पथक कोपऱ्यावर वळताना आतला गडी जवळजवळ जागच्या जागी पावलं टाकतो आणि बाहेरच्याची दमछाक होते, तसं. दोन्ही चाकं सारखीच वळवली तर एक चाक रस्त्यावर फरपटत जाणार. आतलं चाक थोडं जास्त वळावं लागतं, आणि ते साधतं चाक ज्या खिळीवर वळतं त्या किंगपिनपासून निघणाऱ्या छोट्या स्टिअरिंग आर्मच्या तिरकेपणातून. किंगपिनपासून दोन्ही चाकांना जोडणाऱ्या टाय रॉडच्या सांध्यातून रेघ ओढली, तर ती मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्यावर जाऊन मिळावी, हा त्याचा ढोबळ नियम. बुवांचा दोरा तो हाच. मागच्या डिफरन्शियलपासून दोन्ही किंगपिनांपर्यंत ताणलेला, गॅरेजभर पसरलेला, आणि आम्ही सगळे त्यावरून पाय उचलून चालणारे. एका हिवाळ्यात तो तीन महिने सोडलेला नव्हता. काकूंनी त्यावर धुतलेले हातमोजे वाळत घातले. बुवा दोन दिवस चक्रावून गेले, दोरा मध्ये दीड सूत लोंबतो कसा म्हणून.

मंडळाचं म्हणणं, "अ‍ॅकरमन कोपऱ्यासाठी असतो. तुझ्या रस्त्याला कोपरा कुठे आहे?"

बुवांचं ठरलेलं उत्तर, "परत यायचं नाही का?"

यात तथ्य होतं. रेस संपली की गाडी थांबत नाही. पुढे जाऊन वळते आणि बाजूच्या परतीच्या रस्त्याने हळूहळू आपल्या जागेवर येते. तिथे वळणं असतात. जगातले बाकी सगळे ड्रॅग रेसवाले पाव मैलाचा विचार करतात. बुवा उरलेल्या रस्त्याचा करत होते.

खरं तर 'अ‍ॅकरमन' हे नावसुद्धा बुवा घेत नाहीत. ही युक्ती म्युनिकच्या गेओर्ग लँकेन्सपर्गर नावाच्या बग्गी बांधणाऱ्या कारागिराची. रुडॉल्फ अ‍ॅकरमन हा लंडनमधला चित्रांचा आणि पुस्तकांचा प्रकाशक. लँकेन्सपर्गरच्या वतीने १८१८ साली त्याने इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि दोनशे वर्षं नाव त्याचंच चाललंय. घाम कारागिराचा, पाटी एजंटाची. डायमेकर म्हणून चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे सहन होणं शक्य नव्हतं. बुवा सगळीकडे 'लँकेन्सपर्गर भूमिती' असंच म्हणतात. सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरचा पोरगा दरवेळी कॉम्प्युटरवर ते नाव शोधतो आणि सांगतो, हा ब्रँड आम्ही ठेवत नाही.

आता एवढं सगळं ऐकून कुणाला वाटेल की बुवांची रोजची गाडी म्हणजे रेशमासारखी चालत असेल. बुवांचा जुना पिकअप उजवीकडे ओढतो. थोडाथोडका नव्हे, मी एकदा चालवला तर पोस्टात जायचं ते लायब्ररीत पोहोचलो. स्टिअरिंगमध्ये विताएवढी ढील आहे. बुवा ते तिरकं धरून, गुणगुणत, वर्षानुवर्षं चालवतात. मी एकदा सुचवलं, "याची पुढची चाकं किती आत बघतात, ते टो-इन बघायचं का?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी जणू कीर्तनकाराला घरची भांडी घासायला सांगितली होती.

बुवांच्या देवघरात एकच देव. डॉन गार्लिट्स. त्याची कथा ते दर हिवाळ्यात एकदा सांगतात आणि काकू त्या वेळी विणायला घेतात. ८ मार्च १९७० रोजी कॅलिफोर्नियातल्या लायन्स ड्रॅग स्ट्रिपवर गार्लिट्सच्या ड्रॅगस्टरचा गिअरबॉक्स फुटला. तेव्हा इंजिन पुढे आणि ड्रायव्हर मागे, गिअरबॉक्स पायांशी. त्याचं अर्धं पाऊल गेलं. इस्पितळात पडल्या पडल्या त्याने ठरवलं की आता इंजिन ड्रायव्हरच्या मागे. तसं आधीही लोकांनी करून पाहिलं होतं, पण त्या गाड्या सरळ जात नसत. गार्लिट्सचीही जाईना, सापासारखी वळवळे. चेसिसमध्ये दोष शोधला, वजनात शोधला. शेवटी इलाज निघाला तो साधा: स्टिअरिंग मंद करायचं. ड्रायव्हर आता नाकाशी बसलेला. गाडी हलली की त्याला आधी कळतं आणि तो गरजेपेक्षा जास्त दुरुस्ती करतो. हात तेवढेच फिरले पण चाक कमी वळलं, की झालं. १९७१ च्या पोमोनाच्या विंटरनॅशनल्समध्ये गार्लिट्स ती गाडी घेऊन जिंकला आणि पुढे सगळ्यांचीच इंजिनं मागे गेली.

"बघ," बुवा म्हणायचे, "दोष गाडीत नव्हता. घाईत होता." आणि स्वतःच्या स्टिअरिंग आर्मची लांबी आणखी एक सूत वाढवायचे. आर्म लांब, तेवढं स्टिअरिंग मंद. याच न्यायाने ते वाइल्ड विली बोर्शवर नाराज असत. बुवांच्या तरुणपणी हा गडी याच जातीची ऑल्टर्ड गाडी एका हाताने चालवायचा. दुसऱ्या हाताने गाडीची कड धरून बसायचा. "दोन हात दिलेत ना?" बुवा पुटपुटत.

आमच्या कन्येला बुवांनी मदतनीस म्हणून ठेवलं होतं. वय नऊ, पगार आठवड्याला एक डॉलर. तिची बोटं लहान असल्याने स्प्लिट पिना घालायला सोयीची. ती त्यांना 'बुवाआजोबा' म्हणायची आणि हा भारतातला एखादा मानाचा किताब असावा असं समजून ते टोपी सारखी करायचे.

अकराव्या वर्षी, मे महिन्यात, स्टिअरिंग पूर्ण झालं. गाडी पहिल्यांदा घोड्यांवरून उतरली. टो-इन अर्धा सूत, दोनदा मोजलेला, सकाळी थंडीत आणि दुपारी उन्हात. किंगपिनचा मागे झुकणारा कोन, ज्याला कॅस्टर म्हणतात, ज्याच्या जिवावर आपण उतारावर सायकलचं हॅण्डल सोडून हात पसरतो, तो दशांशाच्या दोन घरांपर्यंत. प्रत्येक सांध्याला मोठा वॉशर, आतला गोळा निसटलाच तर दांडा खाली पडू नये म्हणून. मंडळ इस्त्रीचे शर्ट घालून आलं. काकूंनी सफरचंदाचा पाय केला. मी कोल्हापूरला वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. बुवांनी मानाची पहिली बैठक मदतनिसाला दिली.

कन्या खुर्चीत बसली. स्टिअरिंग डावीकडे फिरवलं. मग पुन्हा फिरवलं.

"बुवाआजोबा, हे उलटं वळतंय."

सगळे हसले. मग हसणं थांबलं. तिने डावीकडे फिरवलं आणि पुढची दोन्ही चाकं, अत्यंत अचूक लँकेन्सपर्गर भूमितीत, आतलं जास्त आणि बाहेरचं कमी, उजवीकडे वळली.

झालं होतं ते असं. दोन वर्षांपूर्वी टाय रॉड इंजिनच्या ऑइल संपला घासतोय म्हणून बुवांनी स्टिअरिंग आर्म अ‍ॅक्सलच्या मागून पुढे आणले होते. आर्म पुढे आले की तिरकेपणा उलटा करावा लागतो, आतऐवजी बाहेर. तो त्यांनी केला, दोरा लावून केला, नखभरही फरक ठेवला नाही. पण मागच्या आर्मला उजवीकडे ढकललं की चाक डावीकडे बघतं आणि पुढच्या आर्मला उजवीकडे ढकललं की उजवीकडे. पेटी होती तशीच राहिली. अकरा वर्षांत प्रत्येक कोन तपासून झाला होता, फक्त डावं आणि उजवं राहिलं होतं.

बुवा बराच वेळ चाकांकडे बघत राहिले. मग माझ्याकडे वळून अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या देशात असंच असतं ना?"

"नाही हो, बुवा. आम्ही रस्त्याच्या डाव्या बाजूने चालवतो. पण डावीकडे जायला डावीकडेच फिरवतो."

त्यांची शेवटची आशा मावळली. काकूंनी पाय कापला आणि पहिला तुकडा कन्येला दिला.

फोनवर वडील अजून होतेच. त्यांना सगळा प्रकार सांगितला. मराठीतून इंग्रजीत आणि इंग्रजीतून मराठीत माझी धावपळ.

"आरं, मग ड्रॉप आर्म उलटा टाक की," वडील म्हणाले. "खाली लोंबतोय तो वर कर. दिशा बदलंल."

ड्रॉप आर्म म्हणजे तिकडचा पिटमन आर्म, पेटीतून निघणारा. मी भाषांतर केलं. बुवांचे डोळे चमकले. लोलकाचं खालचं टोक उजवीकडे जातं तेव्हा वरचं डावीकडे जाणारच. आठ हजार मैलांवरून, सांगाड्याला हातही न लावता निदान झालं होतं.

"पर वर क्येला तर त्याला ड्रॉप कसं म्हणायचं?" वडिलांची शंका. "चढ आर्म म्हणा." मग थोडं थांबून, "किती सेकंदांची शर्यत म्हणालास?"

"अकरा-बारा."

"आणि गाडी किती वर्षं बांधत्यात?"

"अकरा."

"म्हंजी सेकंदाला वर्ष." वडिलांनी मान हलवली. यात टीका होती की आदर, मला आजही सांगता येत नाही. उद्यमनगरात दोन्ही एकाच सुरात बोलतात.

आर्म वर केला की ड्रॅग लिंकचं ते टोक वर गेलं. म्हणजे ती तिरकी झाली. म्हणजे पॅनहार्डशी समांतर राहिली नाही. पेटीच खाली घ्यावी तर तिथे चेसिसची नळी. नळी कापावी तर तिच्यावर इंजिनचा पाय. इंजिनचा पाय सरकवावा तर ऑइल संप, ज्याच्यापासून हे सगळं सुरू झालं होतं. मला वाटलं, बुवा आता खचणार. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला गॅरेज उघडं होतं आणि आतून शीळ ऐकू येत होती. काकूंनी खिडकीतून मला कॉर्नफ्लेक्सची चार नवी खोकी दाखवली. खरं सांगायचं तर बुवा इतके आनंदात मी त्या मे महिन्याच्या आधी कधी पाहिले नव्हते.

चौदा महिने गेले.

मग एका बुधवारी संध्याकाळी आम्ही नॉरवॉकला निघालो. तिथला समिट मोटरस्पोर्ट्स पार्क आमच्या भागातल्या ड्रॅगवाल्यांचं पंढरपूर. राष्ट्रीय स्पर्धेच्या वेळी तिथे एका डॉलरला एक पौंड आइस्क्रीम मिळतं, त्यामुळे आमच्या घरात त्या गावाची कीर्ती आधीच पोहोचलेली. स्पर्धा नव्हती, हौशी लोकांना गाडी पळवून बघायची संध्याकाळ होती. गाडी ट्रेलरवर, ट्रेलर पिकअपला, आणि पिकअप उजवीकडे ओढणारा. बुवा पूर्ण वाट डावीकडे तोलत, गुणगुणत गेले.

तपासनिसाने पुढचं चाक वर-खाली धरून हलवलं, डावी-उजवीकडे हलवलं, पिना बघितल्या, वाकून दांडे बघितले. मान डोलावली. मग गंभीरपणे विचारलं, "डावीकडे फिरवलं की डावीकडे जाते ना?" मंडळाने आधीच चहाडी केली होती.

मंडळ आणि काकू सुरुवातीच्या रेषेजवळच्या बाकांवर बसले. कन्येला वेळेची चिठ्ठी देतात त्या खिडकीपाशी उभं केलं. मी बाकांकडे निघालो, तर बुवांनी दंड धरला.

"तू इकडे."

इकडे म्हणजे पार मागे, जिथे परतीचा रस्ता काटकोनात वळून गाड्या उभ्या करायच्या जागेकडे येतो. एक कोपरा, एक कचऱ्याचा डबा आणि मी.

"इथून रेस दिसत नाही, बुवा."

"दिसायला नको. ऐकायचं. मी वळताना पुढचं चाक ओरडलं तर सांग. कुठलं ओरडलं तेही सांग. आतलं की बाहेरचं."

तेव्हा बारा वर्षांची ती शर्यत मी पाहिलेली नाही. टायर जाळल्याचा धूर झाडांवरून दिसला. एकदा इंजिन रेषेपाशी घुमलं, क्षणभर दबलं, आणि मग असा आवाज झाला की डब्यावरचा कावळा उडाला. तो आवाज लांब गेला, बारीक झाला, संपला. लोकांच्या ओरडण्यावरून काहीतरी चांगलं झालं एवढं कळलं. मंडळाने नंतर सांगितलं की चाकं चार बोटं उचलली गेली, टेकली, आणि गाडी ओळंबा सोडावा तशी सरळ गेली.

पाच-सात मिनिटांनी घडघडत बुवा कोपऱ्यावर आले. मंद स्टिअरिंग, म्हणून दोन्ही हातांनी ताक घुसळावं तसे फिरवत होते. गाडी पूर्ण वळली. मी श्वास धरून ऐकलं. डांबरावर चाक फिरल्याची फक्त हलकी चुरचुर.

त्यांनी गाडी थांबवली, इंजिन चालूच ठेवलं, हेल्मेटची काच वर केली.

"ओरडलं?"

"नाही, बुवा."

"आतलं?"

"नाही."

"बाहेरचं?"

"नाही हो."

त्यांनी मान हलवली. मग भुवया जवळ आल्या. "हे डावं वळण झालं. उजवं?"

तेवढ्यात कन्या चिठ्ठी नाचवत पळत आली. "बुवाआजोबा! अकरा पॉइंट नऊ सात दोन!"

"शू," बुवा तिला म्हणाले, "आवाज करू नकोस," आणि त्यांनी गाडी मागे घेतली, पुन्हा कोपऱ्यावरून उलट्या बाजूने यायला.